शनिवारवाड्यातले गारदी आणि आपली ऊसतोड



तोड लांबली की सभासद शेतकी कचेरीत येतात आणि पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "साहेब, माणसंच नीट काम करत नाहीत." असेलही तसं. पण का करत नाहीत, हे विचारणारा क्वचितच भेटतो. तुटलेला ऊस फडात जितका पडून राहील तितकं वजन घटतं आणि उताराही घसरतो. तेव्हा हा प्रश्न शेवटी आपल्या बिलाचाच आहे.

पुण्याच्या शनिवार पेठेतला शनिवारवाडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या या वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट शाळेपासून ऐकतो, ती जरा बाजूला ठेवू. वाड्यात घुसलेले गारदी कोण होते ते बघा. पेशव्यांचेच पगारी नोकर! थकलेला पगार मागायचं त्यांनी निमित्त केलं. ज्याचं नातं फक्त पैशाशी, तो दुसऱ्याच्या पैशाला फितूर झाला. दोन कारखान्यांची उचल घेणारा मुकादम दिसला की मला गारदी आठवतात. (खून कुठे आणि उचल कुठे, हे कबूल.)

रघुनाथरावांना भूक होती ती पेशवेपदाची. आणि त्यांना खुनाबद्दल दोषी ठरवून पद सोडणारे रामशास्त्री प्रभुणे तिसऱ्याच मातीचे. तनखा त्यांनाही होता, पण ते तनख्याला बांधलेले नव्हते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांनी माणसाच्या तीन ओढी सांगितल्या : काम फत्ते करण्याची, माणसांत राहण्याची आणि सत्ता चालवण्याची. १९६४ साली आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना हैदराबादेत त्यांच्या पद्धतीचं शिक्षण दिलं गेलं आणि पुढे त्यांनी इतरांपेक्षा जास्त उद्योग काढले. दुसरे हर्झबर्ग. त्यांनी पिट्सबर्गचे सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनीस तपासून १९५९ साली लिहिलं, की पगार आणि सोयी कमी पडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या दिल्या म्हणून हुरूप येतोच असं नाही. हुरूप येतो तो जबाबदारीनं, शाबासकीनं, काम तडीस गेल्याच्या समाधानानं. ते लोक काही ऊसतोड कामगार नव्हते, एवढं ध्यानात ठेवून हे घ्यावं.

आता आपल्याकडे बघा. एखाद्या चिटबॉयला कामाची ईर्षा असते. त्याला स्वतंत्र गट द्यावा आणि रोजचा टनेजचा आकडा त्याच्यासमोर ठेवावा. दुसरा माणूसवेडा असतो, तो एकटा नोंदवहीत कोमेजतो. त्याला टोळ्यांत पाठवा, भांडणं तो बसल्या जागी मिटवील. तिसऱ्याला हुकूम चालवायची हौस. सेंटर खुशाल त्याच्याकडे द्या, पण तोडीचा क्रम लागणीच्या तारखेप्रमाणेच राहील आणि ते रजिस्टर दुसऱ्याच्या हाती असेल. नाहीतर कोणाचा आडसाली उभा आणि कोणाचा कोवळा ऊस गाडीत, हे ठरलेलंच!

मात्र कोणाच्या कपाळावर शिक्का मारू नये. मुलीचं लग्न तोंडावर आलं की ईर्षेचा माणूसही आधी पैसाच बघतो, आणि त्यात वावगं काही नाही.

सभासदांकडूनही एक गोष्ट व्हायला हवी. टोळी फडात उतरली की आधी पिण्याच्या पाण्याची आणि कोप्यांच्या जागेची सोय बघा. मुकादमाशी तोडीचं बोलणं त्यानंतर करा, आणि "ए कोयत्या" म्हणून नव्हे, त्याच्या नावानं.