अंगावरून जाणे आणि पिशवीची घाई

खोडवा, खते, पाणीपाळी यांवर या पानांतून आपण नेहमी बोलतो. आजचा विषय बाया सांगत नाहीत आणि पुरुष विचारीत नाहीत, असा आहे.

पाळीत बेसुमार रक्त जाणे, आठवड्यावर दिवस लांबणे किंवा अधेमधे अंगावरून जाणे, यास आयुर्वेदात असृग्दर अथवा रक्तप्रदर म्हणतात. चरकाने त्याचे चार प्रकार केले. फेसाळ, काळपट, कळा देऊन जाते ते वाताचे. गरम, आग करणारे पित्ताचे. बुळबुळीत, फिकट ते कफाचे. चौथा तिन्ही दोषांचा, तो अवघड. म्हणून शेजारणीला लागू पडलेले औषध आपल्या घरी चालेलच असे नाही.

माधवनिदानात कारणे दिली आहेत. अजीर्ण, मद्य, गर्भपात, शोक, आणि त्यांतच अति चालणे व भार वाहणे. हे वाचताना आम्हाला आपला फडच दिसला. पाळी चालू असताना डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढणारी तोडणीवाली दुसरे काय करते? खाडा पडला की दंड, म्हणून ती सांगतही नाही. मग कोणीतरी म्हणते, पिशवीच काढून टाका. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयही गेले, तर तरुणपणीच हाडे ठिसूळ होऊ लागतात.

वैद्य आधी विश्रांती सांगतात, खारट-आंबट-तिखट कमी करतात. अशोकाची साल दुधात उकळून, शतावरी, लोध्र, किंवा पुष्यानुग चूर्ण मध व तांदळाच्या धुवणाबरोबर देतात. (रस्त्याकडेचा उंच सरळ अशोक तो नव्हे, औषधाला सीतेचा अशोक लागतो.) मात्र या औषधांच्या आधुनिक चाचण्या थोड्याच झाल्या आहेत. तासाला घडी भिजत असेल, चक्कर येत असेल, दिवस गेलेले असतील, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर काढ्यात दिवस घालवू नका. थेट दवाखाना गाठा. गाठ, थायरॉईड, तांबी, क्वचित कर्करोग, कारण काहीही असू शकते. हिमोग्लोबिन व सोनोग्राफी करून घ्या. पुष्कळ वेळा गोळ्यांनी भागते. पिशवी काढायला सांगितली, तर जीव धोक्यात नसल्यास दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवा.

येत्या हंगामात टोळी आपल्या फडात उतरली की मुकादमाशी आधीच बोलून ठेवा: पाळीच्या दिवसांत बाईने मोळी उचलायची नाही, आणि त्या खाड्याचा दंड धरायचा नाही.