साखरेपासून नायलॉन, विजेच्या जोरावर

नायलॉनच्या सुताचा भाव कशावर ठरतो, असे विचारले तर आपले व्यापारी बांधव बेधडक सांगतील : खनिज तेलावर. तेल चढले की सूत चढते. मागावरची मजुरी मात्र आहे तिथेच राहते. पण नायलॉन नेहमीच निव्वळ तेलाचे नव्हते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ साली ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल नावाचे रसायन काढण्यास सुरुवात केली. पुढे ड्यू पाँट कंपनी याच फरफ्युरलपासून नायलॉनचा काही कच्चा माल करीत असे. मक्याची बुरकुंडेही त्याला चालत. नंतर तेलापासूनचा माल स्वस्त पडू लागला आणि हा धंदा बसला.

आता पुन्हा शेतमालाकडे पाहिले जात आहे, पण विजेच्या मदतीने. २०१६ साली अमेरिकेतल्याच आयोवा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी खास तयार केलेले यीस्ट ग्लुकोजवर वाढवले. त्याने म्युकॉनिक ॲसिड तयार केले. ते वेगळे न काढता त्याच द्रावणात शिशाचा इलेक्ट्रोड सोडून वीज दिली. आपल्या गिलिटवाल्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. तिथे विजेने धातूचा थर चढतो. इथे पाण्यातला हायड्रोजन ॲसिडला जाऊन मिळतो. भट्टी नाही, हायड्रोजनचे सिलिंडर नाही. निघालेल्या पदार्थापासून नायलॉनच्याच जातीचा माल बनतो.

विजेने नायलॉनचा कच्चा माल करणे ही हवेतली गोष्ट नाही. मोन्सँटो कंपनीने १९६५ साली तसा कारखानाच सुरू केला होता, फक्त मूळ माल तेलाचा होता. आयोवाचे काम मात्र प्रयोगशाळेतले.

खरी गाठ हिशेबात आहे. वीज कोळशाची असेल तर तेल सोडून मिळवले काय? म्हणून सूर्याची किंवा वाऱ्याची वीज हवी. सूर्याची वीज दुपारी मुबलक, रात्री नाही. आणि बंद टाकीवर भांडवलाचे व्याज चढतच राहते. शिवाय तयार माल पाण्यातून वेगळा काढण्याचा खर्च निराळा. आपल्याकडचे उसाचे चिपाडही फुकटचे समजू नये. ते साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते, त्यावर वीजही होते.

तेव्हा अशा कारखान्यासाठी कोणी भागभांडवल मागायला आलाच, तर आधी विचारा : वीज किती रुपये युनिटने धरली, आणि टाकी दिवसाचे किती तास चालणार?