हिरवळ प्लास्टिकची, चटका खरा

अमेरिकेतील नेवाडा आणि ॲरिझोना ही वाळवंटी राज्ये. तेथे गोल्फची हौस मोठी आणि पाण्याची टंचाईही मोठी. लास व्हेगास परिसरात घरमालकांना अंगणातील हिरवळ काढून टाकण्यासाठी अनुदान मिळते. त्यामुळे अनेकांनी घरामागच्या अंगणात कृत्रिम हिरवळीचे ‘पुटिंग ग्रीन’ करून घेतले आहे. गोल्फच्या मैदानात खळग्याभोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते. तेथे चेंडू हलकेच ढकलून १०८ मिलिमीटर रुंदीच्या खळग्यात घालायचा असतो. त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

आपल्याकडे घरी गोल्फ खेळणारे थोडेच. पण तीच कृत्रिम हिरवळ आता बंगल्यांच्या अंगणात, गच्चीवर आणि बाल्कनीत सर्रास दिसते. पाणी घालायला नको, कापायला नको, बारा महिने हिरवीगार. हे फायदे खरे आहेत. मात्र हिरवा रंग पाहून ती थंडही असेल असे आपण गृहीत धरतो, आणि तिथेच चूक होते.

गवत आणि माठ

माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने खरे गवत थंड राहते. गवताच्या पात्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते आणि ती वाफ होताना उष्णता शोषली जाते. कृत्रिम हिरवळीचे पाते पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉनचे असते. त्यातून वाफ निघत नाही. त्यात भरलेली वाळूही तापते.

अमेरिकेतील युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ मध्ये याची मोजणी झाली. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात कृत्रिम मैदानाचे सरासरी तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअस भरले, तर खऱ्या गवताचे सुमारे २६ अंश. डांबरी पृष्ठभागही ४३ अंशांवर होता. हवेचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असलेल्या एका दिवशी तर कृत्रिम मैदान ९३ अंशांपर्यंत तापले. पाणी मारल्यावर ते ७९ अंशांवरून २९ वर आले, पण पाचच मिनिटांत पुन्हा ४९ वर गेले. म्हणजे पाणी शिंपडणे हा टिकाऊ उपाय नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

बधिर पायांचा धोका

त्वचा भाजण्यासाठी उकळते पाणीच लागते असे नाही. साधारण ४९ अंशांच्या पृष्ठभागाला सुमारे दहा मिनिटे सतत स्पर्श झाला तर त्वचा भाजते. ६० अंशांना पाचेक सेकंद पुरतात. निरोगी माणसाला चटका बसताच तो पाय उचलतो. मधुमेहाच्या अनेक जुन्या रुग्णांमध्ये हा इशाराच मेंदूपर्यंत पोहोचत नाही. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की नसा खराब होतात आणि सर्वांत लांब नसा पायांच्या असल्याने सुरुवात तळव्यांपासून होते. ‘गादीवरून चालल्यासारखे वाटते’, ‘चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही’, असे हे रुग्ण सांगतात.

आता पुटिंगचा सराव कसा होतो ते पाहा. एका जागी उभे राहायचे, नेम धरायचा, पुन्हा तेच. पाय बराच वेळ जमिनीला टेकलेले. शिवाय हिरवळ गालिच्यासारखी दिसते, म्हणून माणूस चप्पल सहज बाजूला काढून ठेवतो. अनवाणी वावरण्याची सवय तर आपल्याला आहेच. अशा वेळी फोड आलेला संध्याकाळी पाय धुताना दिसतो. रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही, जंतुसंसर्ग हाडापर्यंत जातो आणि काही वेळा बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. त्यामुळे हा प्रश्न मोजक्या घरांपुरता नाही.

रांगणारी मुले हा दुसरा गट. त्यांची त्वचा पातळ असते आणि तापलेल्या जागेवरून चटकन उठता येत नाही.

बसवण्यापूर्वी

दुपारी सावली असेल अशी जागा निवडावी. खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेले ऊन एकाच ठिकाणी पडत असेल, तर तेथे प्लास्टिक वितळूही शकते.

खालचा थर महत्त्वाचा. अंगणात साधारण १० ते १५ सेंटिमीटर माती काढून खडीचा थर दाबून बसवतात, थोडा उतार देतात, वर हिरवळ अंथरून बारीक वाळू ब्रशने भरतात. उतार नसेल तर पाणी साचते. खळग्याच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोक हवेच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला वाटीभर पाणीही पुरते आणि अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. पावसाळ्यात खळगा दर आठवड्याला कोरडा करावा.

वाळू सिलिकाची असते. ती भरताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असल्याने कामगारांनी चांगला मास्क वापरावा. मुलांना तेव्हा दूर ठेवावे.

वापरताना

सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावा. मधुमेहींनी बंद बूट घालावेत आणि रोज रात्री तळवे आरशात पाहावेत. हिरवळ तापली आहे का, हे हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहता येते. ही तपासणी मात्र घरातील दुसऱ्या कोणी तरी करावी, कारण पाय बधिर असलेल्यांचे हातही कधी कधी बधिर असतात. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. मधुमेहींनी फोड लहान असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

अंगणात खेळायला जागा असणे चांगलेच. ज्येष्ठांना त्यानिमित्ताने उभे राहणे, चालणे, नातवंडांबरोबर वेळ घालवणे जमते. फक्त दाराबाहेर चप्पल काढण्याची सवय या हिरवळीपुरती मोडावी.