मोडली गेली, तरी बंदी हवीच
(लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण पहिल्या महायुद्धातल्या क्लोरीन आणि मस्टर्ड वायूंविषयी वाचलं. त्या अनुभवातून 1925 साली जिनिव्हा करार झाला, पण त्यात एक मोठी फट राहून गेली. विषारी वायू युद्धात वापरायला मनाई होती, बनवून साठवायला नव्हती. त्या फटीतूनच पुढची विषं आली. 1936 साली जर्मनीत गेरहार्ड श्रेडर हे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकांवर काम करत असताना टॅबून त्यांच्या हाती लागलं आणि दोन वर्षांनी सरिन. आपल्या नसा स्नायूंना हुकूम देतात तो बहुतांशी अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्यामार्फत. काम झालं की एक विकर ते द्रव्य लगेच मोडून टाकतं. टॅबून आणि सरिनसारखे नर्व्ह एजंट त्या विकरालाच निकामी करतात. मग हुकूम थांबतच नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव साठतो, स्नायू थकून लुळे पडतात आणि श्वास बंद होतो. 20 मार्च 1995 रोजी ओम शिनरिक्यो पंथाच्या माणसांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिनच्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडल्या, तेव्हा अनेक प्रवाशांना आधी जाणवलं ते एवढंच, की उजेड कमी झालाय. पुढे इस्पितळात रुग्णांच्या कपड्यांतून उडणाऱ्या वाफेने डॉक्टर आणि परिचारिकांनाही बाधा झाली.

इथे पहिली शंका येते. बॉम्ब आणि गोळ्यांनी याहून कितीतरी जास्त माणसं मरतात, मग विषालाच वेगळा न्याय का? याचं उत्तर सीरियातल्या घौटामध्ये मिळतं. 21 ऑगस्ट 2013च्या पहाटे तिथे सरिन भरलेली रॉकेट्स पडली. महिनोन्‌महिने तोफांच्या माऱ्यात राहणाऱ्या लोकांना जीव वाचवायला तळघरात उतरायची सवय झाली होती. सरिनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते आणि साचते. जो आसरा बॉम्बपासून वाचवत होता, तोच सापळा ठरला. सैनिकाकडे मुखवटा असतो, उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं. झोपलेल्या पोराकडे काहीच नसतं. 1988 साली इराकमधल्या हलब्जात हजारो कुर्द नागरिक मारले गेले, तेही असेच. हे अस्त्र सज्ज फौजेपुढे अडखळतं आणि निःशस्त्र वस्तीत सर्वाधिक बळी घेतं. म्हणून त्याला वेगळा न्याय.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. 2017 साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या फवारण्यांत ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं होती, आणि ती शरीरातल्या त्याच विकरावर घाला घालतात. रसायनशास्त्र एकाच कुळातलं असेल, तर बंदी घालायची कशावर? 1997 साली अमलात आलेल्या रासायनिक अस्त्र कराराने यावर उत्तर काढलं. बंदी हेतूवर आणि पहारा पदार्थांवर. शेती, औषध, उद्योग यांसाठीचा वापर चालतो. अस्त्रांचा विकास, उत्पादन, साठा, हस्तांतर यांतलं काहीही चालत नाही. या कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या, नेदरलँड्समधल्या हेग इथल्या संघटनेचे निरीक्षक कारखान्यांत जाऊन नोंदी आणि यंत्रं तपासतात. जिनिव्हा करारात नव्हतं ते हेच.

तरीही सीरियाने कराराला न जुमानता पुन्हा विष वापरलं, 2018 साली इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत नोविचोक हे नर्व्ह एजंट वापरलं गेलं. मग करार कागदीच नाही का? तसं म्हणण्याआधी हिशेब पाहावा. जगभरात जाहीर झालेले 72 हजार टनांहून अधिक साठे निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट झाले. भारताने 1997 साली आपल्याकडे साठा असल्याचं करारानुसार जाहीर केलं आणि 2009 साली तो संपवला. अमेरिकेने 2023 साली. एवढं विष जगात आता कुणाच्या हाती लागू शकत नाही. सॉल्सबरीनंतर नोविचोक कुळातली रसायनंही कराराच्या यादीत घालण्याचं 2019 साली ठरलं. कायदा मोडला जातो म्हणून तो रद्द करायचा नसतो, मोडणाऱ्याला पकडायची ताकद वाढवायची असते. कराराची खरी उणीव तिथेच आहे. संशय आल्यास दुसऱ्या देशात अचानक तपासणी मागण्याची तरतूद त्यात आहे, पण ती आजवर एकदाही कुणी वापरलेली नाही. नियम पुरेसे आहेत. कमी पडतं ते मित्रदेशालाही जाब विचारण्याचं धैर्य, आणि ते दाखवण्याची जबाबदारी करारावर सही केलेल्या प्रत्येक सरकारची आहे, आपल्याही.

(पुढील लेखांकात: साठे नष्ट कसे करतात)