वाडा पाडण्याआधी खांब ठोकून पाहा



गावोगाव फिरताना कुलूप लागलेले जुने वाडे दिसतात. ढाळजेत कडबा, सोप्यात मोडकी औते, माळवदावर गवत. मालक म्हणतो, "साहेब, यंदा पाडून स्लॅब टाकतो." पाडायचा की राखायचा हे तुम्ही ठरवा, पण आधी वाडा नीट तपासा.

आमचाही वाडा लातूर जिल्ह्यात, सागवानी खांबांचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्याची मागची भिंत कोसळली. देवाच्या दयेने माणसे वाचली. पण धास्तीने सर्वांनी अंगणात पत्र्याची खोली बांधली आणि वाडा कित्येक वर्षे ओस पडला. पुढे मी तो पाडायला निघालो, तेव्हा आई म्हणाली, "अरे, भिंत पडली, खांब कुठं पडलेत? माळवद कशावर उभं आहे ते तरी बघ."

आईचे म्हणणे खरे होते. खणाच्या घरात माळवदाचा भार खांब आणि तुळया पेलतात. त्या भूकंपात अनेक घरांच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. माणसे दगावली ती मुख्यत: मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाची जड माती अंगावर येऊन. म्हणून पहिले काम भार उतरवण्याचे.

दर पावसाळ्याआधी आपण माळवदावर नवी माती टाकतो, जुनी काढत नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेवर फूटभर माती म्हणजे सुमारे ४५ क्विंटल वजन! आम्ही आतून टेकू देऊन माती सगळीकडून सारखी उतरवली, किलचण बदलली, जाड प्लॅस्टिक अंथरून वर वीतभरच माती ठेवली. पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार दिला.

मग खांब. लाकडी हातोडीने ठोका. टणटणीत आवाज आला तर लाकूड निरोगी. भद्द आवाज आला तर दाभण टोचून पाहा. सागाचा बाहेरचा फिका थर वाळवी आधी खाते. आतला गाभा बहुधा शाबूत असतो. खांबाचा बुडखा कुजला असेल तर तेवढाच कापून, जाणत्या सुताराकडून जोड देऊन, तळखड्यावर पुन्हा बसवता येतो. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके धिरे ठोकून घ्या; हादऱ्यात सांगाडा कलंडत नाही.

वाळवीसाठी पूर्वी आपण ऑल्ड्रिन, बीएचसी वापरत असू. दोन्हींवर आता बंदी आहे. जुना डबा माळ्यावर सापडला तरी वापरू नका. परवानगी असलेले औषध लेबल वाचूनच वापरा, आणि बळदाजवळ, धान्याजवळ मुळीच नको.

जुनी भिंत म्हणजे दोन दगडी पदर आणि मध्ये माती-कपच्या. पदर जोडणारे दगड नसले की भिंतीचे पोट फुगते. अशा भिंतीला तीन-साडेतीन फुटांवर आरपार भोक पाडून, आकड्याची सळई घालून काँक्रीट भरतात. वरून काँक्रीटचा पट्टा फिरवतात. हे इंजिनिअरच्या सल्ल्यानेच करा. तुळयाच खचल्या असतील, तर मात्र हट्ट धरू नका.

आता माझी चूक सांगतो. पुढची भिंत देखणी दिसावी म्हणून मी तिला सिमेंटचा गिलावा केला. ओल आतच कोंडली आणि दोन पावसाळ्यांत भिंतीतल्या एका खांबाचा बुडखा कुजला. गिलावा खरवडून माती, भुसा आणि शेणाचा केला, वर चुना दिला, तेव्हा भिंत सुकली. हातचा पैसा गेला तो गेलाच.

पाडव्यानंतर काम काढा आणि मृगाआधी माळवद झाका. पैसे कमी असतील तर दोन उन्हाळ्यांत करा, पण रंगरंगोटी आधी आणि मजबुती मागून असे करू नका.

वाडा झाल्यावर थोरल्या वहिनींनी पहिली रात्र दाराजवळ खाट टाकून जागून काढली. भूकंपाची भीती अशी सहज जात नाही. आज त्या माजघरात निजतात आणि नातवंडे सोप्यात अभ्यासाला बसतात.

या रविवारी हातोडी आणि दाभण घेऊन वाड्याचे कुलूप उघडा. भाऊबंदांनाही बरोबर घ्या.