यवतमाळच्या उन्हात इन्सुलिन पंप

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. वापरात असलेलं इन्सुलिन मात्र साधारण ३० अंशांपर्यंतच टिकतं. म्हणून शेतात राबणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या मधुमेहींनी इन्सुलिन पंप निवडताना आधी उन्हाचा विचार करावा. नळीचा पंप खेळताना काढता येतो. पण त्यात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असल्याने तो काही तास बंद राहिला, तरी रक्तात आम्ल साचू लागतं. बिननळीचा पंप अंगालाच चिकटतो, नळी अडकायची भीती नाही. पण घामाने चिकटपट्टी सुटू शकते. श्रमाने रक्तातली साखर उतरते, तेव्हा ती मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे पुरवठा आपोआप थांबवणारा पंप अधिक सुरक्षित. सुटं साहित्य कुठे मिळेल ते आधी विचारा, निवड डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा आणि इन्सुलिनचं पेन कायम जवळ बाळगा.