वही आपल्या पेढीत की क्लाउडवर?

दीपावलीच्या मुहूर्तावर आपण वहीपूजन करतो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींचे स्मरण करून ‘शुभ-लाभ’ लिहितो आणि कुंकवाचा स्वस्तिक रेखतो. पूजा आटोपल्यावर मात्र बहुतेक पेढ्यांत ती वही वर्षभर कोरीच राहते, कारण खरी कीर्द आणि खतावणी आता संगणकात असते. मग जिचे आपण पूजन करतो ती वही प्रत्यक्षात कोठे आहे आणि ती सुरक्षित आहे काय, हा प्रश्न प्रत्येक व्यापारी कुटुंबाने स्वतःला विचारला पाहिजे.

माळेगाव बुद्रुक येथील माझ्या एका स्नेह्यांच्या पेढीवर गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न अचानक उभा राहिला. खते, बी-बियाणे व पशुखाद्य यांचा त्यांचा तीन पिढ्यांचा व्यापार आहे. ग्राहक बहुतांशी ऊसउत्पादक. माल उधारीवर जातो आणि कारखान्याचे ऊसबिल जमा झाले की रक्कम येते. म्हणजे उधारीची खाती हेच पेढीचे खरे भांडवल. जूनमधील एका रात्री विजा कडाडल्या, विद्युतपुरवठा वरखाली झाला आणि संगणकाची डिस्क निकामी झाली. बॅकअप होता, पण तो त्याच संगणकाला कायम जोडून ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. दोन्ही एकाच वेळी गेल्या.

मार्चअखेरची प्रत सीएंकडे होती, म्हणून मागील वर्ष वाचले. पुढच्या अडीच महिन्यांची उधारी मात्र स्मरणावर आली. जीएसटीच्या विवरणपत्रात किरकोळ ग्राहकांची एकत्रित बेरीज असते, नावे नसतात. बहुतेक शेतकऱ्यांनी आपापली रक्कम प्रामाणिकपणे सांगितली. काही जणांशी आकड्यावरून वाद झाला आणि जुने संबंध दुरावले. स्नेही मला म्हणाले, “पैसे गेले त्याचे एवढे नाही. पण ‘तुमच्याकडे आमचे किती येणे आहे?’ असे गिऱ्हाइकाला विचारण्याची वेळ आमच्या पेढीवर कधी आली नव्हती.”

त्यांच्या चिरंजीवांनी सर्व हिशेब क्लाउडवर नेण्याचा आग्रह धरला. वडिलांचे म्हणणे, “आपली उधारी परक्याच्या घरी ठेवायची? त्यापेक्षा चांगला सर्व्हर विकत घेऊ आणि पेढीतच ठेवू.” शेवटी चिरंजीव मला म्हणाले, “काका, तुमचे आयुष्य बँकेत गेले. तुम्हीच काय ते सांगा.”

मी प्रथम एवढेच सांगितले की क्लाउड म्हणजे ढग नव्हे. ती भक्कम इमारतीत ठेवलेली यंत्रेच असतात. फरक इतकाच की आपण ती विकत न घेता भाड्याने वापरतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे अशी केंद्रे सुरू केली, तर ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत. माळेगावकरांना तर हा विषय शेजारचाच आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रकल्प राबविला, त्यात शेतातील संवेदक, हवामान केंद्रे आणि उपग्रहाची छायाचित्रे यांची माहिती क्लाउडवरच एकत्र होते. आपल्या परिसरातील उसाची माहिती तेथे पोहोचली आहे. त्या उसाला घातलेल्या खताची खतावणी मागे आहे.

वडिलांची शंका तरीही चुकीची नव्हती. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत यंत्रे आली आणि पुढे शाखेशाखेत सर्व्हर बसले. संध्याकाळी दिवसाचा हिशेब टेपवर उतरवून ती प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हे आमचे नित्यकर्म होते. नंतर कोअर बँकिंग आले आणि शाखेतील सर्व खाती दूरच्या मध्यवर्ती केंद्रात गेली. ‘आपले लेजर आपल्या हातून गेले’ असे त्या दिवसांत आम्हालाही वाटले होते. पण दोन्ही काळांत एक नियम बदलला नाही, तो म्हणजे दुसरी प्रत दुसऱ्या जागी. मध्यवर्ती केंद्रालाही दूरच्या शहरात, वेगळ्या भूकंपक्षेत्रात, पर्यायी केंद्र असते.

स्वतःच्या आवारातील यंत्र म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत हॅकरांनी शिरकाव केला आणि दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेतले. उलट बाजूही पाहावी. अनेक लहान बँकांना सामाईक तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर जुलै २०२४ मध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून ३१ जुलै रोजी तिची जोडणी तोडण्यात आली आणि सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचे ऑनलाइन व्यवहार एकदम थांबले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. या बँकांच्या स्वतःच्या यंत्रणेत कोणताही दोष नव्हता.

आगीलाही मालक आणि भाडेकरू सारखेच. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे केंद्र जळाले आणि ज्यांनी अन्यत्र प्रत ठेवली नव्हती अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या डेजॉन येथील सरकारी केंद्रास आग लागली. ते तर सरकारचे स्वतःचे होते. तरीही सरकारी कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचे एक संपूर्ण भांडार नष्ट झाले, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती.

आपला अनेकान्तवाद येथे उपयोगी पडतो. एका नयाने स्वतःचा सर्व्हर योग्य आहे, कारण इंटरनेट बंद पडले तरी काउंटरवर बिल फाटते. दुसऱ्या नयाने क्लाउड योग्य आहे, कारण पेढीवर वीज पडली, पुराचे पाणी शिरले किंवा चोरी झाली, तरी वही वाचते. एकच नय धरून बसलेला व्यापारी फसतो.

खर्चाचा विचारही दोन्ही बाजूंनी करावा. सर्व्हर ही भांडवली खरेदी आहे. आयकरात संगणकावर घटत्या मूल्याने ४० टक्के घसारा मिळतो. त्यात यूपीएसच्या बॅटऱ्या, वार्षिक देखभाल आणि जाणकार माणसाचा पगार धरावा. क्लाउडचे भाडे त्याच वर्षी खर्ची पडते, पण ते कधी संपत नाही. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला दोन्हींवरील १८ टक्के जीएसटीची वजावट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. करारात ९९.९ टक्के सेवेची हमी दिसली तरी वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहू शकते, असा तिचा अर्थ होतो. ते तास नेमके हंगामात आले तर?

कायद्याच्या दृष्टीने जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर हिशेबाची दैनंदिन प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवणे ऑगस्ट २०२२ पासून बंधनकारक आहे.

करारावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. माहिती कोणत्या देशात राहणार? भाडे थकल्यास किती दिवसांत खाते बंद होणार? सेवा सोडताना आपली माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल काय? आणि पासवर्ड कोणाकोणाकडे आहे? इमारत, वीज आणि यंत्रे सेवादाता सांभाळतो. पासवर्ड आणि जास्तीची प्रत सांभाळणे आपलेच काम राहते.

स्नेह्यांच्या घरी शेवटी मधला मार्ग ठरला. बिले पेढीतील संगणकावरच होतात. रोज दुकान बंद करताना हिशेबाची प्रत आपोआप क्लाउडवर जाते, तीही किल्लीशिवाय कोणालाही वाचता येणार नाही अशा कूटबद्ध स्वरूपात. बँकेचा लॉकर परक्याच्या इमारतीत असला तरी आतील डबा आपल्या किल्लीशिवाय उघडत नाही, हे सांगितल्यावर वडिलांचा आक्षेप मावळला. दर रविवारी एक प्रत सुट्या डिस्कवर घेतली जाते आणि ती डिस्क पेढीत न ठेवता घरच्या कपाटात जाते. किल्ली व पासवर्ड पितापुत्र दोघांकडे असतात.

सर्वांत महत्त्वाचे काम सूनबाईंनी अंगावर घेतले आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस त्या बॅकअपची प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवतात आणि कोणत्याही पाच ग्राहकांची बाकी मूळ खात्याशी ताडून पाहतात. न तपासलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला धनादेश. वटेपर्यंत तो केवळ कागद असतो.

या दीपावलीस वहीपूजनाला बसण्यापूर्वी आपणही घरातील तरुण मंडळींना जवळ बोलवावे आणि विचारावे, “आज रात्री पेढीतील संगणक गेला, तर उद्या सकाळी उधारीची यादी कोठून काढशील?” उत्तर चटकन मिळाले नाही, तर पूजेआधी तेवढी व्यवस्था करावी. त्या यादीत आपले येणे तर असतेच. तिच्यावर विसंबून माल नेणाऱ्याचा विश्वासही असतो.